सेंद्रिय शेतीवरचं संशोधन आपल्या काळ्या रानात कितपत लागू पडतं?

दुधनाकाठ | २ जून, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

काल संध्याकाळी घरातले चहाचे दोन काचेचे ग्लास घेतले, पाणी भरलं आणि एकेका ग्लासात एकेक वाळलेलं ढेकूळ सोडलं. एक बाभळीच्या तुकड्यातलं, जिथं आठ वर्षं युरिया-डीएपीसारखं रासायनिक खत पडलेलं नाही. दुसरं विहिरीकडच्या पाच एकरातलं, तिथं सगळं गावासारखंच चालतं. विहिरीकडचं ढेकूळ अर्ध्या मिनिटात बसलं. बुडबुडे आले, कडा ढासळल्या आणि तळाला नुसता गाळ, वर चहासारखं पाणी. बाभळीकडच्यानं माझा चहा संपेपर्यंत दम धरला. चार कण सुटले, पण ढेकूळ ढेकूळच राहिलं. मंडळींनी फर्मावलं की हे ग्लास आता पाहुण्यांपुढं यायचे नाहीत. असो.

आता मूळ मुद्दा. २०१७ च्या बोंडअळीनं कापसाचा चोथा केला, तेव्हा वैतागून दोन एकराचा हा तुकडा वेगळा काढला. २०१८ च्या खरिपापासून त्यात एकरी दोन ट्रॉल्या शेणखत, सोयाबीन-तूर, काढणीनंतर गुळी (सोयाबीनचा भुसा) जागेवरच. पहिल्या वर्षी सोयाबीन विहिरीकडच्या रानापेक्षा एकरी क्विंटलभर कमी झालं, तिसऱ्या वर्षापासून उन्नीस-बीस. पण दुसऱ्या वर्षी मला अवदसा आठवली आणि त्याच तुकड्यात तेवढ्याच शेणखतावर आणि जीवामृतावर (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) कापूस लावला. सप्टेंबरात सगळं रान लाल. लाल्या म्हणजे काय ते त्या वर्षी नीट कळलं. एकरी तीन क्विंटल. वर एका कंपनीच्या ‘ऑर्गॅनिक’ दाणेदार खताच्या सहा गोण्या घेतल्या होत्या, त्यात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. माझ्या मते वाळू.

मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून आलेला कार्बन, २०१७ ला ०.३८ टक्के होता, गेल्या उन्हाळ्यात ०.५२ आला.

गावात दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो सेंद्रिय म्हणजे भिकेचे डोहाळे. दुसरा मोबाइलवर भाषणं ऐकून रोज नवा अर्क उकळतो. मला दोघांचंही ऐकायचं नाही. वर्षानुवर्षं मोजमाप करून कुणी काही पाहिलंय का, आणि ते आपल्या मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीला, आपल्या लहरी पावसाला लागू पडतं का, एवढंच विचारायचंय. जाणकारांनी लिहा.

---

मांजराकाठ | २ जून, रात्री १०:१५

भाऊ, ग्लासातलं ठीक हाय. गेल्या सप्टेंबरात आमच्याकडं मांजरा नदी आली तवा तिनं रान सेंद्रिय हाय का रासायनिक ते इचारलं नाही. शेजाऱ्याचं, माझं, सगळं खरडून नेलं. खाली पांढरा मुरूम उघडा पडलाय. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी सत्तेचाळीस हजार जाहीर केले, पण माती इकत मिळत नसती बघा.

तुमचं संशोधन नदीपासून लांब असणाऱ्यांनी करावं. बाकी वाचालोय.

---

वाफसा | ३ जून, सकाळी ७:०५

दुधनाकाठ, प्रश्न चांगला विचारलात. मी परभणीला मृदाशास्त्र शिकलो, आता माती तपासण्याचंच काम करतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा (नव्या ग्लासात).

जगातले जुने प्रयोग सगळे सांगतात म्हणून मीही सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ थेरविल गावात १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी-शेजारी करून मोजतात. २१ वर्षांचा हिशेब २००२ मध्ये छापून आला: सेंद्रियचं उत्पादन सरासरी २० टक्के कमी, पण कीटकनाशक ९७ टक्के कमी, मातीचे कण पाण्यात जास्त टिकणारे आणि गांडुळांचं वजन १.३ ते ३.२ पट. तुमच्या ग्लासात दिसलं ते हेच. पण तिथं बारा महिने ओल, थंडी, कुरणं, गाई. आपल्याकडं एप्रिलात जमिनीला भेगा पडतात, त्यात हात जातो. ते आकडे जसेच्या तसे उचलून आणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्याला जवळचा प्रयोग आहे निमाडात, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात. स्वित्झर्लंडच्याच फिबल या संस्थेनं स्थानिक संस्थेसोबत २००७ मध्ये तो सुरू केला. जमीन काळी, पिकं कापूस, सोयाबीन, गहू. आपल्यासारखंच. पहिल्या चार वर्षांचे निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन-दोन वर्षांच्या दोन फेऱ्या धरल्या होत्या. पहिल्या फेरीत सेंद्रिय कापूस २९ टक्के आणि गहू २७ टक्के कमी. दुसऱ्या फेरीत हा फरक मिटला. पण थांबा, टाळ्या वाजवायच्या आधी पुढचं वाचा: सेंद्रिय वाढलं म्हणून नव्हे, त्या फेरीत रासायनिकचंच उत्पादन घसरलं म्हणून. सोयाबीन मात्र पहिल्या फेरीत फक्त १ टक्का आणि दुसरीत ११ टक्के कमी. खर्च वजा जाता पहिल्या फेरीत रासायनिकवाल्याच्या हातात २९ टक्के जास्त उरले, दुसऱ्या फेरीत सेंद्रियवाल्याच्या हातात २५ टक्के जास्त, कारण उत्पादन सारखं आणि सेंद्रियमध्ये खर्च कमी. चारही वर्षं धरली तर सोयाबीनमध्ये हातात उरण्याच्या बाबतीत सेंद्रियच ११ टक्के सरस.

आता तुमचा लाल्या. त्यात गूढ काही नाही, नत्राचा (नायट्रोजनचा) हिशेब आहे. कोरडवाहू बीटी कापसाला शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे एकरी ४८. तुमच्या दोन ट्रॉल्या म्हणजे अंदाजे पाच टन शेणखत. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर २५ किलो, आणि त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला मिळतं तिसरा हिस्सा, आठेक किलो. जीवामृताच्या दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन. सगळं मिळून नत्र भरतं पाव किलोच्या आत-बाहेर. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? सोयाबीनच्या मुळावर गाठी असतात, ते स्वतःचं नत्र हवेतून ओढतं, म्हणून त्याची शिफारसच हेक्टरी ३० किलोची. कापूस आयतं मागतो. खरगोनचे आकडे आणि तुमचं रान एकच गोष्ट सांगतायत.

म्हणून मला कुणी विचारलं तर सांगतो: सुरुवात सोयाबीन-तुरीनं करा. ‘आमचं सेंद्रिय फसलं’ म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जणांनी पहिल्याच वर्षी कापूस लावलेला असतो.

---

कोरडवाहू_६५ | ३ जून, सकाळी ९:२०

विरजणाची उपमा झकास.

पण एक विचारतो वाफसा, शेणखत आणायचं कुठून? आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी चौदा जनावरं होती. आज एक म्हैस, तीही नातवाच्या दुधासाठी. गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या. ट्रॉलीभर शेणखत पाच हजारांच्या पुढं, त्यात निम्मी माती, चघळचोथा आणि प्लास्टिक. युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशेच्या आत येते, वीस किलो नत्र देते आणि खांद्यावर घेऊन जाता येते.

श्रीलंकेचं विसरू नका. २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खताची आयात बंद केली, भाताचं पीक कोसळलं, सहा-सात महिन्यांत निर्णय गुंडाळला. राजाच्या लहरीवर शेती होत नसते.

---

वाफसा | ३ जून, सकाळी ९:५८

कोरडवाहूकाका, शंभर टक्के मान्य. शास्त्रज्ञांमध्येही हाच वाद आहे. २०१२ मध्ये ७४ अभ्यास एकत्र करून कुणी दाखवलं की सेंद्रिय रानात हेक्टरी साडेतीन टन कर्ब जास्त सापडतो. लगेच टीका झाली की बाहेरून खत आणून टाकलं तर कर्ब वाढणारच, दुसऱ्याच्या उकिरड्याचं श्रेय स्वतःच्या शेताला कसं देता? रास्त आहे टीका.

दुधनाकाठांचाच हिशेब करून बघू. एकरात वरची सहा इंच माती म्हणजे साधारण नऊशे टन. कर्ब ०.१४ टक्क्यानं वाढला म्हणजे सव्वा टन. सात वर्षांत त्यांनी टाकलं काय? दरवर्षी पाच टन शेणखत, त्यातलं निम्मं पाणी, उरलेल्यात तीस टक्के कर्ब धरला तर पाऊण टन. सात वर्षांत सव्वापाच टन. टिकला सव्वा. बाकीचा उन्हानं आणि जिवाणूंनी खाल्ला. गुळीचा कर्ब मी धरलेलाच नाही, तो धरला तर टिकण्याचं प्रमाण आणखी खाली येईल. आपल्या हवामानात एवढंच हाती लागतं. ‘तीन वर्षांत कर्ब दुप्पट’ म्हणणाऱ्याला घरी चहासुद्धा पाजू नका.

म्हणून नवं आणण्याआधी आहे ते जाळणं बंद करा. पऱ्हाटी, तुराट्या, गुळी, उसाचं पाचट. काढणी झाली की बांधाबांधावर धूर. एकीकडं पाचट पेटवायचं आणि दुसरीकडं ट्रॉलीला पाच हजार मोजायचे.

---

परदेशी_पाखरू | ३ जून, दुपारी १:३०

मी मूळचा सेलूचा, सध्या पुण्यात आयटीत. धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक शंका. मी वाचलंय की सेंद्रिय कर्ब एक टक्क्यानं वाढला की एकरात लाखभर लिटर जास्त पाणी साठतं. मग दुष्काळावर हाच उपाय नाही का? आपली सरासरी ६८० मिलिमीटर आहे, तेवढं जमिनीतच धरून ठेवलं तर २०१६ सारखी लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ येणार नाही.

---

वाफसा | ३ जून, दुपारी ४:१२

पाखरू, तो लाखाचा आकडा फार फिरतो. २०१८ मध्ये दोन मृदाशास्त्रज्ञांनी जगभरची आकडेवारी तपासली. कर्ब पूर्ण एक टक्का वाढला तर दहा सेंटिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिलिमीटर वाढतं. तेही वाळूमिश्रित जमिनीत जास्त, चिकणमातीत सगळ्यात कमी. दुधनाकाठांचा कर्ब वाढलाय ०.१४. म्हणजे वरच्या सहा इंचांत एकरी हजार लिटर. जीवामृताची पाच पिंपं भरतील. त्यावर दुष्काळ निघत नाही.

आपल्या काळीला पाणी धरायला शिकवावं लागत नाही, ते तिला जन्मजात येतं. अडचण आहे ती पाणी आत घेण्याची. पहिल्या सरीनंतर तोंड मिटून घेते. ढेकूळ ग्लासात विरघळलं तेच रानात होतं: बारीक गाळ भेगांत बसतो, वर पापडी धरते, आणि मागून येणारा पाऊस पन्हाळीवरून उतरावा तसा ओढ्याला. पन्नास मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे एकरी दोन लाख लिटर. त्यातलं दहा टक्के पाणी जास्त मुरलं तर वीस हजार लिटर, एका पावसात. फायदा इथं आहे. पुढं पावसानं वीस-बावीस दिवस दडी मारली की हीच ओल दाण्यात उतरते.

---

कोरडवाहू_६५ | ३ जून, संध्याकाळी ६:४०

मग त्याला सेंद्रिय कशाला पाहिजे? रुंद वरंबा-सरीनंही (बीबीएफ) पाणी मुरतंच की. माझा जावई बीबीएफ यंत्रानं पेरतो. २०२३ च्या ऑगस्टात सगळ्या गावाचं सोयाबीन माना टाकत होतं, त्याचं उभं होतं. आणि तो डीएपी टाकतो, लपवत नाही.

---

वाफसा | ३ जून, रात्री ८:२५

काका, तुम्ही माझ्याच तोंडून काढून घेणार बहुतेक.

काळ्या जमिनीवरच्या भारतातल्या जुन्या आणि भक्कम प्रयोगांपैकी एक हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेत. १९७६ पासून. एका बाजूला पारंपरिक पद्धत, दुसऱ्या बाजूला रुंद वरंबे, आंतरपीक, सुधारित वाण, बेताचं खत. धान्य हेक्टरी १.१ टनाच्या जागी सरासरी ५.१ टन. माती वाहून जायची सहा टनांच्या वर, ती आली दीड टनाच्या आसपास. आणि जमिनीतला कर्बही वाढला, वर्षाला हेक्टरी सव्वातीनशे किलोच्या आगेमागे. तो प्रयोग सेंद्रिय नाही. खत घालूनही कर्ब वाढला, कारण पीक दणदणीत आलं, मुळं आणि पाला जास्त पडला.

म्हणजे मातीला खताची गोणी कुठल्या दुकानातली त्याच्याशी कमी देणंघेणं आहे. तिच्यात परत काय जातं, ती किती दिवस उघडी राहते आणि आपण तिला किती वेळा उलथवतो, याच्याशी जास्त आहे. गाव दर उन्हाळ्यात ट्रॅक्टरची खोल नांगरट करतं आणि मेच्या उन्हात रान तापत ठेवतं, त्यानं युरियापेक्षा कमी नुकसान होत नाही, असं माझं मत. नेरळचे शेतकरी भडसावळे यांनी भातासाठी काढलेलं शून्य मशागतीचं तंत्र मराठवाड्यात काही जण कापूस-सोयाबीनला वापरतायत. जुन्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची, कायमचे वरंबे. त्यात तणनाशक लागतं, म्हणून सेंद्रियवाल्यांना ते चालत नाही. माझी तक्रार नाही. मुळं आत राहिली हे महत्त्वाचं.

---

ओंजळभर | ३ जून, रात्री १०:५०

सगळं वाचलं. धाराशिव जिल्ह्यातून लिहिते. तुमच्या हिशेबात एक गोष्ट कुणीच धरली नाही, म्हणून लिहावं वाटलं.

ते दोनशे लिटरचं पिंप ढवळतं कोण? सकाळ-संध्याकाळ काठी फिरवायची, मग फडक्यातून गाळायचं, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेतला की एकराला दहा-बारा खेपा. कीड मारायच्या दशपर्णी अर्काचा पाला आणायचा, कुटायचा, महिनाभर त्याचा वास घरात. तणनाशक नाही म्हणजे खुरपणी तीनदा. खुरप्याला बाया. ‘सेंद्रियमध्ये खर्च कमी’ असं तुम्ही लिहिलंत ना वाफसादादा, त्यात घरच्या बाईची मजुरी धरलीय का? धरा एकदा, आणि मग टक्के सांगा.

तरी मी करते. आमच्याकडं स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं बायकांसाठी एक एकराचं काम उभं केलं, त्याला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. कल्पना साधी: घरच्या रानातला एक एकर बाईच्या हातात द्यायचा, त्यात नगदी पीक नाही, खायचं पीक. माझ्या एकरात मूग, उडीद, तूर, मटकी, ज्वारी, कडेनं भाज्या. ह्यांच्या चार एकरांत सोयाबीन. गेल्या सप्टेंबरात ह्यांचं सोयाबीन कापणीला आलेलं जागेवर सडलं, शेंगांना कोंब फुटले. माझे मूग-उडीद ऑगस्टातच घरात आले होते. तूर चिबडली, अर्धी गेली. भोपळा तरला, कसा ते देव जाणे. दसऱ्याला घरात डाळ होती.

यात माती किती, शेणखत किती आणि नुसतं चार ठिकाणी पेरलं म्हणून किती, मला सांगता येणार नाही.

---

वाफसा | ४ जून, सकाळी ७:३०

ताई, बरोबर बोललात. बहुतेक अभ्यासांत मजुरी पैशात धरतात, पण कुणाच्या पाठीला ती बसली हे कोष्टकात येत नाही. पिंपाचं काम थोडं हलकं करायचं असेल तर परभणी विद्यापीठाचं बायोमिक्स बघा. ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशी-जिवाणूंचं मिश्रण तयारच मिळतं. आमच्या पट्ट्यात हळदवाले रांगा लावून नेतात. तेही विरजणच, दूध नव्हे, हे लक्षात असू द्या.

पट्ट्यापट्ट्यानं वेगळं पेरण्याचं म्हणाल तर लहरी पावसाला त्याच्याइतकं जुनं औषध नाही. मराठवाड्याची काळी पूर्वी ज्वारी-तूर-करडईची होती. आज नजर जाईल तिथवर सोयाबीन. एका पावसात सगळ्यांचं एकदम सडणार, हे त्यात आलंच.

---

मांजराकाठ | ४ जून, सकाळी ८:४५

ताई, आमच्या आईचं बी असंच असायचं. पाटीभर सोळा जातीचं बी.

वाफसा, मला सांगा, मुरूम उघडा पडलाय त्या रानाचं काय करू? गाळ आणून टाकालोय तलावातला. एकरी पन्नास ट्रॉल्या झाल्या.

---

वाफसा | ४ जून, सकाळी ९:१०

गाळ टाकताय ते चांगलं, पण आधी तपासून घ्या, क्षार असतील तर बिघडेल. आणि लगेच सोयाबीन पेरू नका. यंदा पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी दाट बोरू किंवा धैंचा पेरा, फुलावर यायच्या आत, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी गाडा. बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या लावा, तिसऱ्या वर्षापासून पाला छाटून रानात टाकता येईल, जनावर नसलं तरी. यंदाचं खरिपाचं पीक जाईल. रब्बीला हरभरा घ्या.

---

मांजराकाठ | ४ जून, सकाळी ९:१४

एक हंगाम जायचा म्हणता. सोसायटीच्या कर्जाचं काय सांगू?

---

वाफसा | ४ जून, सकाळी ९:३१

याचं उत्तर माझ्याकडं नाही भाऊ. सगळं रान एकदम नका धरू. निम्म्यात बोरू, निम्म्यात पीक.

---

दुधनाकाठ | ४ जून, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. ओंजळभर ताई, घरी तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. पुढचं काय झालं ते इथं लिहित नाही.

ठरवलंय असं: विहिरीकडच्या पाचातला आणखी एक एकर यंदा बाभळीच्या पद्धतीनं, सोयाबीन-तूर, बीबीएफवर. कापसाला जिथं लागतं तिथं युरिया देणार, लाजणार नाही. मेची नांगरट यंदा झालीच नाही, ट्रॅक्टरवाला लग्नसराईत अडकला होता. आता त्याला शिव्या घालायच्या की आभार मानायचे?

वाफसा, नव्या एकराचा मातीचा नमुना पेरणीआधी घेतो. काही सूचना?

---

वाफसा | ४ जून, रात्री ९:४८

नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा सहा इंच खड्डा, एका कडेची कापटी घ्या. सगळी घमेल्यात मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत. दरवेळी त्याच प्रयोगशाळेत द्या, दोन ठिकाणचे आकडे ०.१ नं सहज हलतात. बांधाजवळचा, खताच्या ढिगाजवळचा आणि झाडाखालचा नमुना नको. बाभळीखालचा तर मुळीच नको, तिथं पाला-शेंगा पडून माती आपोआप चांगली असते.

---

दुधनाकाठ | ४ जून, रात्री १०:०२

हे आधी नाही का सांगायचं.

२०१७ चा नमुना कृषी सहायकांनी मधोमध काढला होता. गेल्या उन्हाळ्यातला मी एकट्यानं काढला. ऊन मी म्हणत होतं, बाभळीच्या सावलीत बसून काढला.

---

कोरडवाहू_६५ | ४ जून, रात्री १०:०५

😂😂 आणि ग्लासातलं ढेकूळ?

---

दुधनाकाठ | ५ जून, सकाळी ६:५०

तेही तिथलंच निघालं काका. आज पहाटे मधोमध जाऊन दुसरं आणलं, पुन्हा ग्लासात सोडलं. विहिरीकडचं परत अर्ध्या मिनिटात बसलं. मधलं अर्धा कप चहा होईपर्यंत टिकलं, मग एका बाजूनं खचलं.

नमुना परवा परत काढतो. टोपी घालून.